पिकप आणि टॉप

मल्लिनाथप्पाच्या पायाला भिंगरी आहे असं त्याची आई म्हणायची. आई जाऊन वीस वर्षं झाली, भिंगरी काही थांबली नाही. चौसष्टाव्या वर्षी, लातूरच्या डाळ मिलचा कारभार पोराच्या हाती सोपवून मोकळा झाल्यावरही हा माणूस पहाटे पाचला उठायचा, आंघोळ आणि लिंगपूजा उरकायचा आणि मग घरभर येरझारा घालायचा. खुर्चीत बसलाच तर गुडघा हलत राहायचा. गणपतीपासून तर त्याला दोन मिनिटं एका जागी बसवत नव्हतं, कारण गणपतीपासून त्याच्या गाडीची किल्ली त्याच्याकडं नव्हती.

गाडी म्हणजे गुढीपाडव्याला घेतलेली विजेवरची एसयूव्ही. पांढरी, उंच, गल्लीत उभी राहिली की समोरच्याची खिडकी झाकणारी. श्रावणात तिची डावी बाजू घराच्या फाटकाला घासली. गणपतीत मिलच्या आवारात ती हमालांच्या हातगाड्यावर गेली. दोन्ही वेळा मल्लिनाथप्पानं दोष दिला तो फाटकाला आणि हातगाड्याला. पोरगा वीरेश त्याच्याशी वाद घालत बसला नाही. त्यानं दोन्ही किल्ल्या उचलल्या आणि आपल्या कपाटात ठेवल्या.

"अप्पा, कुठं जायचं ते सांगत जा, मी नेतो. न्हाईतर मंजुषा नेईल," तो म्हणाला. मंजुषा म्हणजे त्याची बायको, मल्लिनाथप्पाची सून.

ज्यानं विशीत तुरीनं भरलेला ट्रक स्वतः हाकत हैदराबादला नेला, त्यानं आता सुनेच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. मल्लिनाथप्पाच्या अंगाची आग झाली. दीड महिना त्यानं रुसून पाहिलं, ओरडून पाहिलं, जेवणावरून उठून पाहिलं. शेवटी दसरा झाल्यावर वीरेशच थोडा वाकला. नांदेडला मावशीकडं नातीचं बारसं होतं. जायचं सगळ्यांनाच होतं, मंजुषा तेवढी माहेरी गेली होती.

"लातूर ते नांदेड तुम्ही चालवा," वीरेश म्हणाला. "मी मागं बसतो. एक शब्द बोलत न्हाई. जाऊन येईपर्यंत काही झालं न्हाई तर दोन्ही किल्ल्या तुमच्या, मी परत कधी विषय काढणार न्हाई. पण काही झालं, तर तुम्ही स्टेअरिंगला पुन्हा हात लावायचा न्हाई. कबूल?"

"कबूल," मल्लिनाथप्पा म्हणाला. मनात म्हणाला, बापाची परीक्षा घेतो लेकाचा.

आता नांदेडच्या साडूची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. उदगीरच्या बसलिंगप्पांना दोन मुली. थोरली शिवकन्या नांदेडच्या लोखंडाच्या दुकानदाराला, सिद्रामप्पाला दिली. धाकटी जगदेवी मल्लिनाथप्पाला. लग्नं झाली त्या वर्षापासून हे दोघे साडू एकमेकांना मापत आले होते. सासुरवाडीला आधी कोण पोचतं, मोटारसायकल कुणाची नवी, घराचा मजला कुणाचा आधी चढला, पोराला मार्क किती. दोघंही आता आजोबा झाले, पण सुंभ जळला तरी पीळ काही जाईना. मल्लिनाथप्पानं पाडव्याला विजेची गाडी घेतली, तर सिद्रामप्पानं दोन महिन्यांत दुसऱ्या कंपनीची घेतली, गडद हिरवी. तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की फोन.

भांडणाला विषय बरा सापडला होता, कारण दोन्ही गाड्या एकसारख्या नव्हत्या. मल्लिनाथप्पाची जागेवरून उठायची आणि सहा पूर्णांक आठ सेकंदांत शंभरला भिडायची, पण एकशे साठच्या पुढं कंपनीनंच तिला जाऊ दिलं नव्हतं. सिद्रामप्पाच्या गाडीला शंभर गाठायला आठ सेकंदांच्या वर लागायचे, पण ती एकशे ऐंशीपर्यंत पळायची. म्हणजे एकाचा पिकप, दुसऱ्याचा टॉप. मोबाईलवरचे झाडून सगळे व्हिडिओ दोघांनी पाहिले होते आणि आकडे नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ झाले होते.

"तुमची गाडी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," सिद्रामप्पा फोनवर म्हणायचा. "निघती दणक्यात, पोचती उशिरा."

"आन तुमची? वरात मांडवात गेली तरी नवरदेव घोड्यावर चढूनच राहिलाय," मल्लिनाथप्पा उत्तर द्यायचा, आणि फोन ठेवल्यावरही तासभर स्वतःशीच पुढची उत्तरं जुळवत अंगणात फिरायचा.

आणखी एक गोष्ट होती, तिचा तर त्याला भारी अभिमान. पाडव्याला गाडीची पूजा झाली तेव्हा जंगमस्वामींनी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि ओल्या विभूतीचे तीन बोटांचे पट्टे समोरच्या काचेवर, वरच्या बाजूला, बरोबर मधोमध ओढले. गाडीचं कपाळ तिथंच, असं त्यांनी ठरवलं. आता काचेच्या आत नेमकं तिथंच कंपनीनं कॅमेरा बसवलेला होता. पुढं माणूस, जनावर, गाडी आली आणि चालवणाऱ्याचं लक्ष नसलं तर त्या कॅमेऱ्याला दिसून गाडी आपोआप ब्रेक मारते, अशी ती सोय. विभूती लागल्यापासून गाडी चालू केली की टुंग वाजायचं आणि पडद्यावर यायचं, समोरचा कॅमेरा झाकलेला आहे, आपोआप ब्रेक बंद आहे. शोरूमच्या लोकांनी फोन करून सांगितलं, वीरेशनं दोनदा ओला कपडा हातात घेतला. मल्लिनाथप्पानं कुणाला हात लावू दिला नाही.

"कपाळाची विभूती पुसायची व्हय? मी काय मेलोय का?" तो म्हणायचा. "आन ब्रेक मारायला माझा पाय हाय की." पट्टे फिके झाले की दर सोमवारी तो स्वतः स्टुलावर चढून नवे ओढायचा. मिलवर, मठात, लग्नकार्यात जो भेटेल त्याला सांगायचा, माझ्या गाडीत यंत्राचा ब्रेक न्हाई, ब्रेक मीच.

निघायच्या दिवशी सकाळी सातला तो सीटवर बसून तयार होता. जगदेवी शेजारी, वीरेश मागं. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. चौपदरी रस्ता, कडेला सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, मधूनमधून उभी तूर. मल्लिनाथप्पा खरंच चांगली चालवत होता. ट्रकच्या मागं अंतर ठेवत होता, वळताना दिवा देत होता, गावात शिरताना हळू होत होता. पाट्या वाचायचं काम मात्र त्यानं जगदेवीला लावून दिलं होतं. "बस काहीतरी वाचत, झोप लागंल तुला," असं म्हणून. डोळ्यांचं म्हणाल तर त्यांना काही झालेलं नव्हतं. चष्म्यावर धूळ बसते, काचेला चिकट किडे लागतात, ऊन समोरून येतं, एवढंच. निदान त्यानं स्वतःला तरी तेवढंच सांगितलं होतं.

लोह्याला चहा घेतला. वीरेश कप खाली ठेवून म्हणाला, "चांगली चालवता की अप्पा," आणि मल्लिनाथप्पाला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. तेवढ्यात सिद्रामप्पाचा फोन आला. नांदेडच्या अलीकडं एक नवा बाह्यवळण रस्ता झाला होता, उद्घाटन व्हायचं म्हणून दोन्ही तोंडांना पिंपं लावून बंद ठेवलेला. दोन अडीच किलोमीटर सरळ, वर माणूस ना काणूस. "बारसं साडेबाराला हाय," सिद्रामप्पा म्हणाला. "त्याच्या आधी एकदाचा निकाल लावून टाकू. पिकप का टॉप."

वीरेशनं नाही म्हणायला हवं होतं. तो म्हणालाही. पण तिथं पोचल्यावर सिद्रामप्पा पिंपं बाजूला सारून हिरव्या गाडीला टेकून उभा होता, सोबत त्याच्या दुकानातला वैजनाथ मोटारसायकल घेऊन, आणि थोरल्या मावशीच्या नवऱ्याला तोंडावर नाही म्हणणं वीरेशला जमेना.

"अरे, बंद रस्ता हाय. वैजनाथ सकाळी आठला टोकापर्यंत जाऊन आलाय. चिटपाखरू न्हाई," सिद्रामप्पा म्हणाला. "तुझा बाप सव्वाशे किलोमीटर घेऊन आला ना गाडी? मग दीड किलोमीटरला कशाला भितोस?"

खरं सांगायचं तर वीरेशलाही बघायचं होतं. गेले सहा महिने तेच व्हिडिओ त्यानंही पाहिले होते. त्यानं मोबाईलमधलं घड्याळ काढलं. ठरलं असं: शून्यातून शंभर कोण आधी, ते आकडा गाठला की हॉर्न वाजवून सांगायचं, वीरेश वेळ मोजणार. मग तसंच पुढं दीड किलोमीटरवर रस्त्यावर आडवी टांगलेली मोठी निळी पाटी, तिच्याखालून कोण आधी जातं, तो टॉपचा निकाल. मल्लिनाथप्पा आणि वीरेश गाडीच्या मागं उभे राहून हे सगळं सिद्रामप्पाशी घासाघीस करून ठरवत होते. पुढं जगदेवी पाण्याची बाटली आणि नॅपकिन घेऊन दाराच्या पायरीवर चढून काच पुसत होती.

"तू उतर, वीरेशपाशी थांब," मल्लिनाथप्पा तिला म्हणाला.

"मी उतरत न्हाई. व्हायचं ते दोघांचं होईल," ती म्हणाली आणि पट्टा लावून बसली.

मल्लिनाथप्पानं गाडी चालू केली. गुडघा हलायचा थांबला होता. नेहमीचं टुंग या वेळी वाजलं नाही, पण तिकडं लक्ष द्यायची सवड कुणाला होती? शेजारच्या पट्ट्यात हिरवी गाडी येऊन उभी राहिली. वैजनाथनं खांद्यावरचा रुमाल वर धरला आणि खाली टाकला.

विजेच्या गाडीला इंजिनाची घरघर नसते, त्यामुळं वेग कानाला कळत नाही, पाठीला कळतो. सीटनं त्याला मागं ओढलं, जगदेवीनं दोन्ही हातांनी पट्टा धरला, आणि आरशातली हिरवी गाडी बघता बघता लहान झाली. ऐंशी. नव्वद. शंभर. त्यानं हॉर्नवर हात मारला आणि तो मोठ्यानं हसला. किती महिन्यांनी असा हसला असेल. एकशे तीस. एकशे साठ. आणि तिथं गाडीनं हात टेकले. पाय तळाला टेकला तरी आकडा पुढं सरकेना.

आता मागून सिद्रामप्पा येऊ लागला. आधी आरशाच्या कोपऱ्यात, मग आरसाभर. चाळीस वर्षं हा माणूस असाच उशिरा निघून शेजारी येऊन बसत आला होता. पाटी समोर निळी निळी मोठी होत होती. तिच्यावरची अक्षरं त्याला लागत नव्हती, पण अक्षरांशी आत्ता काय घेणं? हिरव्या गाडीचं नाक त्याच्या मागच्या दारापर्यंत आलं, पुढच्या दारापर्यंत आलं, आणि तेवढ्यात पाटी डोक्यावरून गेली. हातभर का होईना, मल्लिनाथप्पा पुढं होता. पिकपही त्याचा आणि टॉपही त्याचाच.

त्यानं पाय उचलला. गाडी आपोआप हळू होत गेली. सिद्रामप्पानंही वेग सोडला आणि तो मागं पडला. एकशे दहा, ऐंशी, साठ. मल्लिनाथप्पा समोर बघत होता. हे नीट ध्यानात घ्या, तो समोरच बघत होता. आरशात नाही, पडद्यावर नाही, बायकोकडं नाही. समोर राखाडी रस्ता होता आणि पुढं थोडा मातकट पट्टा, मुरूम सांडल्यासारखा. त्यावरून गाडी सहज जाईल असं त्याला वाटलं.

मग एकदम गाडीत कर्कश टूंटूं झालं, छातीवर पट्टा आवळला गेला आणि गाडी जागच्या जागी गच्च थांबली. जगदेवीच्या मांडीवरची बाटली पायाशी जाऊन पडली. मागं हिरव्या गाडीची चाकं किंचाळली.

समोर चार हातांवर एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, हातात खराटा. मातकट पट्टा म्हणजे तिचं सोयाबीन होतं, रस्त्यावर वाळत घातलेलं. बंद रस्ता म्हणजे गावाला आयतं खळं. ती वाकून दाणे गोळा करत होती, आता सरळ उभी राहिली आणि खराटा तिनं गाडीच्या नाकावर आपटला.

"डोळे हायत का गुंड्या लावल्यात रे?" ती ओरडली. "नागुबाई म्हनत्यात मला. मेले असते तर माझं सोयाबीन तुमच्या बापानं भरलं असतं का?"

मल्लिनाथप्पा खाली उतरला. त्यानं हात जोडले. सिद्रामप्पा धावत आला, त्यानंही हात जोडले. नागुबाईनं दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढे पिकले केस, आन पोरासारखं उडून राहिलेत," ती म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली. दाणे गोळा करणं तिला या दोघांपेक्षा महत्त्वाचं होतं.

वैजनाथच्या मोटारसायकलवर मागं बसून वीरेश आला. त्यानं गाडीचं नाक पाहिलं, म्हातारी पाहिली, मधलं अंतर पाहिलं, आणि तो तिथंच रस्त्यावर उकिडवा बसला. थोड्या वेळानं उठला.

"काका, बंद रस्ता म्हणाला होता ना तुम्ही," एवढंच तो म्हणाला.

"चूक झाली बाबा. माझीच चूक," सिद्रामप्पा म्हणाला. मग त्यानं मल्लिनाथप्पाच्या पाठीवर हात ठेवला. "पण खरं सांगू का? हा माणूस होता म्हणून ती बाई उभी हाय. पिकप सोडा, टॉप सोडा. ब्रेक बघा. माझ्या गाडीला यंत्र हाय, ह्याच्याला ते बी न्हाई, विभूतीनं बंद. निस्त्या पायानं थांबवली गाडी. चार हातांवर. मानलं मल्लिनाथप्पा तुम्हाला."

चाळीस वर्षांत साडूच्या तोंडून हे पहिल्यांदा आलं होतं. मल्लिनाथप्पानं खाली बघितलं. आपला पाय ब्रेकवर होता का, हेच तो आठवून पाहत होता.

वीरेश जवळ आला. खिशातून त्यानं दुसरी किल्ली काढली, जी त्यानं दीड महिना कपाटात ठेवली होती आणि आज सोबत आणली होती. ती त्यानं बापाच्या तळहातावर ठेवली.

"ही पण राहू द्या अप्पा. माझं चुकलं. मी असतो तर माझ्यानं थांबली नसती," तो म्हणाला. "परत मी विषय काढणार न्हाई."

झालं. दीड महिना ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते हातात आलं. मल्लिनाथप्पा गाडीत येऊन बसला. जगदेवी अजून पट्टा लावून बसली होती. बाहेर सिद्रामप्पा वैजनाथला सगळं पुन्हा रंगवून सांगत होता. मल्लिनाथप्पानं किल्ल्या मुठीत धरल्या. त्यानं वर काचेकडं पाहिलं. काच स्वच्छ होती. कपाळ कोरं होतं.

त्यानं मान वळवली. जगदेवीच्या कपाळावर, कुंकवाच्या वर, विभूतीचे तीन पुसट पट्टे होते.

"तू पुसली?" त्यानं विचारलं.

"हाव. काचेला किडे लई चिकटले होते. तुम्हाला नीट दिसंना म्हणून पुसली. विभूती भुईवर कशी पडू द्यायची, म्हणून लावली कपाळाला." ती बोलता बोलता थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मला कळलंय ब्रेक कुणी मारला ते. तुमचा पाय खाली टेकलेला होता, मी बघितला. पण हे दुसऱ्या कुणाला कळायचं कारण न्हाई. वीरेशला मी बोलत न्हाई. तुमचा जीव त्या किल्लीत हाय, मला ठावं न्हाई का."

तिच्याबद्दल मल्लिनाथप्पाला इतकी माया आली की तिचा हात धरावासा वाटला. ही बाई मरेपर्यंत तोंड उघडणार नव्हती. सिद्रामप्पा हा ब्रेक दहा लग्नांत सांगणार होता. उद्या सकाळी पूजा झाली की तो गाडी काढणार होता, उदगीरला, मुखेडला, वाटेल तिथं. सगळं होतं तसं होणार होतं.

"तुला दिसली होती का ती?" त्यानं विचारलं.

"कोण, नागुबाई? हाव. लांबूनच. वाकून झाडून राहिली होती."

"मग बोलली कामून न्हाईस?"

जगदेवी गोंधळली. असं काही विचारलं जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

"मला काय ठावं," ती म्हणाली. "म्हटलं, मला दिसली म्हणजे तुम्हाला कवाच दिसली असंल. आजवर तुम्हालाच आधी दिसत आलंय सगळं. मी निवांत होते."

ती निवांत होती. एकशे साठच्या वेगात, शेजारी, पट्टा धरून, ती बाई समोर दिसत असताना निवांत होती, कारण चालवणारा तो होता. या गोष्टीची त्याला इतकी लाज वाटली की आत बसवेना. त्यानं दार उघडलं आणि तो बाहेर आला.

वीरेश आणि सिद्रामप्पा हिरव्या गाडीपाशी उभे होते. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ब्रेक मी मारला न्हाई," तो म्हणाला. "जगदेवीनं काच पुसली होती. कॅमेऱ्यानं बघितलं आन गाडीनं मारला. मला बाई दिसलीच न्हाई."

सिद्रामप्पाच्या तोंडावरचं हसू उतरायला थोडा वेळ लागला. "गडबडीत होतं असं. नजर हिकडं तिकडं गेली असंल," तो म्हणाला.

"समोरच होती नजर."

वीरेश बापाकडं बघत राहिला. "कधीपासून अप्पा?"

"गाडी घेतली त्याच्या आधीपासून. उजवा डोळा पार धुकट हाय. डाव्यानं भागवतो."

"आन लातूरपासून हितपर्यंत? सव्वाशे किलोमीटर?"

"रस्ता पाठ हाय. पांढरे पट्टे दिसतात. गाड्या दिसतात." मल्लिनाथप्पा थांबला. पुढचं वाक्य त्यानं आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "माणसं दिसत न्हाईत."

मागं नागुबाईचा खराटा तेवढा वाजत होता. मल्लिनाथप्पानं मूठ उघडली आणि दोन्ही किल्ल्या पोराच्या हातात दिल्या. वीरेशनं त्या घेतल्या, बापाच्या दंडाला धरलं आणि त्याला गाडीकडं आणलं.

जगदेवी उघड्या दारातून सगळं ऐकत होती. तिनं पट्टा सोडला, पुढच्या सीटवरून खाली उतरली, मागचं दार उघडून आत बसली आणि शेजारची जागा हातानं झाडून त्याच्यासाठी मोकळी केली.